गुडघ्याचे नऊ महिने

"बरं झालं, वहिनी. आता तरी पोरगी घरात बसेल."

हे वाक्य मला नानाखेड्यातल्या माझ्याच घरात, माझ्याच हातचा चहा पिता पिता ऐकवण्यात आलं. लेक आतल्या खोलीत गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून पडली होती. दार उघडं होतं, तिनेही ऐकलं. बोलणारी बाई काही दुष्ट नाही. माझ्या आजारपणात दोन्ही वेळचा डबा पाठवणारी, सणाला ताट देणारी शेजारीण आहे ती. म्हणून तर मला त्या वाक्याचा जास्त राग आला. वाईट माणसांनी पोरींचे खेळ बंद पाडले तर त्यांच्याशी भांडता येतं. चांगल्या माणसांच्या या "बरं झालं"शी कसं भांडायचं? तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. आता लिहून भांडते आहे.

आधी काय घडलं ते सांगते. आमच्या घरापासून नानाखेडा स्टेडियम चालत दहा मिनिटांवर. लेक कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, खेळते खो-खो. त्या संध्याकाळी सराव चालला होता. खांबाला वळसा घालताना तिचा पाय जमिनीत रुतल्यासारखा झाला, अंग वळलं आणि गुडघा मागे राहिला. कुणी धक्का दिला नाही, कुणी अंगावर पडलं नाही. "आई, आत टक् असा आवाज आला," एवढंच ती म्हणाली. तासाभरात गुडघा नारळाएवढा सुजला.

मग सुरू झाला घरगुती वैद्यकीचा बाजार. कुणी हळद-चुना लावायला सांगितलं, कुणी तेल, कुणी हाड बसवणाऱ्याचा पत्ता दिला. आम्ही शिकलेली माणसं, म्हणून एक्स-रे काढला. एक्स-रे स्वच्छ आला. "हाड शाबूत आहे, पंधरा दिवसांत पळायला लागेल," असं सांगून एका ठिकाणी पट्टा देऊन आमची बोळवण झाली. हाड शाबूत होतंच. तुटलं होतं ते हाड नव्हतंच. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही, ही साधी गोष्ट मला, बी.ए. झालेल्या बाईला, पन्नाशीनंतर कळली. महिन्याने जिना उतरताना तिचा गुडघा अचानक सटकला, तेव्हा नानाखेड्याच्या बसस्टँडवरून इंदूरची बस पकडली. तिथे एमआरआय झाला आणि तीन अक्षरं आमच्या घरात आली: एसीएल.

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आतून बांधून ठेवणारी ही एक दोरी. नडगी पुढे सरकू नये, वळताना गुडघा जागेवर राहावा, हे तिचं काम. सरळ चालायला तिच्यावाचून फारसं अडत नाही. पण धावता धावता थांबणं, वळणं, हुलकावणी देणं, उडी मारून उतरणं हे सगळं तिच्या जिवावर चालतं. खो-खोत दुसरं असतं काय? ती पुरती तुटली की बहुतेकदा आपली आपण पहिल्यासारखी जुळून येत नाही. आणि बहुतेक वेळा ती तुटते अशीच, कुणाचा हात न लागता. मुलींमध्ये तर मुलांपेक्षा कितीतरी जास्त.

आता माझा पहिला मुद्दा. ऑपरेशन ठरलं आणि सगळं गाव कामाला लागलं. दिराने पैशांची तजवीज केली, भाच्याने गाडी दिली, सासूबाईंनी जप धरला. इस्पितळात भेटायला येणाऱ्यांची रांग होती, नारळपाणी ठेवायला जागा उरली नव्हती. दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, आणि सगळ्यांनी हुश्श केलं: "झालं एकदाचं!"

काय झालं? काहीही झालं नव्हतं. खरं काम त्या दिवशी सुरू होत होतं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरी कुणी फिरकलं नाही.

त्या ऑपरेशनमध्ये करतात काय, ते समजून घ्या. तिच्याच मांडीच्या मागच्या स्नायूचा शेवटचा पांढरा चिवट भाग काढतात, दोन्ही हाडांना भोकं पाडतात आणि तो त्यातून ओवून घट्ट बसवतात. म्हणजे दोरीच्या जागी दोरी आली. पण ती अजून गुडघ्याची झालेली नसते. तिला रक्तपुरवठा मिळायचा, हाडात ती रुजायची, लिगामेंटसारखं वागायला शिकायची. सुरुवातीच्या महिन्यांत तर ती घट्ट होण्याऐवजी आधी कमजोर होते. लबाडी अशी की नेमक्या त्याच सुमाराला, तिसऱ्या महिन्याच्या आसपास, दुखणं थांबतं, सूज जाते, पोरगी जिने चढते आणि म्हणते, "आई, मी बरी झाले." आतून गुडघा सगळ्यात नाजूक आणि बाहेरून पोरगी सगळ्यात आनंदी. घात होतो तो इथे.

या काळात तिला सावरतात ते तिचे स्नायू, आणि ते तर आधीच वितळलेले असतात. मी माझ्या शिवणाच्या टेपने मोजलं. गुडघ्याच्या वाटीपासून चार बोटं वर खूण करून दोन्ही मांड्या मोजल्या. दुखऱ्या पायाची मांडी पाच सेंटिमीटरने बारीक. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला पाच सेंटिमीटर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. माझ्या लेकीचा एवढा पाय नाहीसा झाला होता आणि लोक म्हणत होते, झालं!

बाईच्या नऊ महिन्यांचा एकच प्रकार आपल्याला ठाऊक आहे. त्या नऊ महिन्यांत तिला जड उचलू देत नाहीत, डोहाळे पुरवतात, ओटी भरतात. सासू सुनेला "जपून गं" म्हणते. कुणी सहाव्या महिन्यात विचारत नाही की अजून किती वेळ? तेच नऊ महिने पोरीने स्वतःच्या गुडघ्यासाठी मागितले की सगळ्यांना ते चोचले वाटतात. मुलगा झाला असता तर त्याला जिद्द म्हटलं असतं.

हे उगीच म्हणत नाही. ३० डिसेंबर २०२२ ला ऋषभ पंतच्या गाडीला अपघात झाला, गुडघ्याची लिगामेंट्स फाटली. त्याला उपचारांसाठी विमानाने मुंबईला नेलं आणि पुन्हा स्पर्धेच्या मैदानात तो उतरला २०२४ च्या मार्चमध्ये, जवळपास पंधरा महिन्यांनी. त्या पंधरा महिन्यांत कुबड्यांवरचे त्याचे फोटो आमच्या कॉलनीतल्या पोरांच्या मोबाइलवर फिरत होते. "बरं झालं, आता घरात बसेल," असं त्याच्या आईला कुणी म्हणाल्याचं माझ्या कानावर नाही.

आता मुद्दा पैशांचा. ऑपरेशनचं बिल विमा कंपनीने दिलं. त्यानंतरची फिजिओथेरपी? "त्याला भरती व्हावं लागत नाही," म्हणून दिली नाही. आठवड्यातून तीनदा, महिनोन् महिने जाणारा तो पैसा माझ्या घरखर्चातून गेला. माझी बचत होती म्हणून निभावलं. जिच्या आईकडे डब्यात लपवलेले पैसे नाहीत तिचं काय होतं, ते मी त्या क्लिनिकच्या बाकावर बसून पाहिलं आहे. तिसऱ्या महिन्यापर्यंत बाक भरलेला असतो. पाचव्या महिन्यात निम्मा, आठव्यात आम्ही दोघी. बाकीच्यांना ऑपरेशन झालं, पण गुडघा मिळाला नाही.

व्यायाम म्हणजे शस्त्रक्रियेच्या ताटातली कोशिंबीर असं समजणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. स्वीडनमध्ये एसीएल तुटलेल्या १२१ तरुण, सक्रिय माणसांवर एक अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन केलं. उरलेल्या ५९ जणांना नीट आखलेला व्यायाम दिला आणि गरज वाटली तर पुढे ऑपरेशन करू म्हटलं. दोन वर्षांत त्या ५९ पैकी २३ जणांनाच ऑपरेशन लागलं, आणि दोन्ही गटांचे गुडघे दोन वर्षांनी सारखेच चालत होते. याचा अर्थ ऑपरेशन करू नका असा नाही. वळणाचे खेळ खेळणाऱ्यांना डॉक्टर बहुधा तेच सुचवतात, आम्हीही केलं. अर्थ इतकाच की चाकूला जेवढा मान देता तेवढा तरी व्यायामाला द्या. आपण चाकूला लाख रुपये मोजतो आणि व्यायामाच्या शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो. गरज सरो, वैद्य मरो!

घरातले ते महिने कसे जातात, हेही सांगायला हवं, कारण तो सगळा भार शेवटी बायकांवर असतो आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही. पहिलं काम पाय वाकवण्याचं नाही, पाय पूर्ण सरळ करण्याचं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, गुडघा खाली दाबून, मांडी आवळून पाच-दहा सेकंद धरायचं. दिवसातून शंभर वेळा. मी भाजी निवडत मोजायची, ती दात आवळून दाबायची. त्यानंतर भिंतीला पाठ लावून बसणं, पायरी चढ-उतार, सायकल, वजन, एका पायावर उभं राहणं. मग कुठे हळू धावणं, मग उड्या, आणि सगळ्यात शेवटी वळणं. या क्रमातली एकही पायरी गाळायची नाही. कंटाळा इतका की आम्ही दोघी एकमेकींवर ओरडायचो. तिच्या मैत्रिणी स्पर्धांचे फोटो पाठवायच्या आणि ती फोन उशीखाली ठेवायची.

खाण्याचाही प्रश्न आला. स्नायू भरून यायला प्रथिनं हवीत, म्हणून एका भल्या माणसाने सल्ला दिला, "निदान अंडी तरी सुरू करा, धर्म नंतर पाळा." आम्ही जैन, अंडं घरात येत नाही. यावर मी भांडले नाही, वही घेतली. मूग, हरभरे, मसूर, सोयाबीन, शेंगदाणे, पनीर, दही, दूध यांचा हिशोब मांडला, तिच्या वजनाप्रमाणे किती हवं ते फिजिओताईंना विचारून घेतलं. सूर्यास्ताच्या आत जेवायचं म्हणून व्यायामाची वेळ संध्याकाळची दुपारी तीनवर आणली. सकाळी मोड आलेले मूग, दुपारी डाळ आणि पनीर, व्यायाम झाल्यावर दूध आणि भिजवलेले हरभरे. तिचा पाय भरला. ज्यांना पोरीने खेळणं नकोच असतं त्यांना धर्म, पैसा, वेळ, लग्न, सगळीच कारणं सापडतात. ज्यांना हवं असतं त्यांना डाळ सापडते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळते, कारण घरात बसवणाऱ्यांइतकीच मला चीड आहे ती घाई करणाऱ्यांची. सहाव्या महिन्यात निवड चाचणी आली. निरोप आला, "काकू, पट्टा बांधून उभी करा. नुसतं खुर्चीत बसल्यासारखं पाटीवर बसायचं, दोन खो घ्यायचे. यंदा गेली तर वयाची अट निघून जाईल." लेक माझ्या पाया पडली. खरोखर पडली, तेवढा गुडघा आता वाकत होता.

मराठीत म्हण आहे, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. ती म्हण रचणाऱ्याने आमच्या निवड समित्या पाहिल्या असाव्यात. बाशिंग बांधावं तसा पट्टा बांधायचा आणि पोरगी बोहल्यावर उभी करायची! पट्टा कातडीला आधार देतो, आतल्या कोवळ्या दोरीला नाही.

नॉर्वेतल्या संशोधकांनी ऑपरेशननंतर खेळाकडे परतलेल्या खेळाडूंवर दोन वर्षं लक्ष ठेवलं आणि २०१६ साली निष्कर्ष मांडला. नऊ महिन्यांपर्यंत परतणं जेवढे महिने पुढे ढकललं, तेवढा दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचा दर ५१ टक्क्यांनी कमी झाला. दर महिन्याला निम्मा! आणि नुसतं कॅलेंडर पाहूनही चालत नाही. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के हवी, एका पायावर मारलेली लंगडी उडी दुसऱ्या पायाच्या उडीच्या ९० टक्के लांब हवी, आणि उतरताना गुडघा आत झुकता कामा नये. सहाव्या महिन्यात माझ्या लेकीची ताकद होती ७१ टक्के. मी चाचणीला पाठवलं नाही. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. घरच्यांनीही मलाच बोल लावला: "आधी तूच खेळू दे म्हणत होतीस ना?" हो, म्हणत होते. खेळू द्यायचं होतं म्हणूनच थांबवलं.

तेव्हा माझ्या तोंडावर एक उदाहरण फेकलं गेलं, आणि तेही माझ्या माहेरचं. "तुमच्या सांगलीची स्मृती मानधना पाच महिन्यांत वर्ल्ड कप खेळली! तुमची लेक काय तिच्याहून नाजूक?"

माहेर सांगली असल्याने स्मृतीचं कौतुक मला कुणी शिकवायला नको. लहानपणापासून सांगलीच्या माधवनगरमध्ये वाढलेली ही मुलगी. २०१३ साली बडोद्यात १९ वर्षांखालच्या सामन्यात महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध तिने नाबाद २२४ केल्या, तेव्हा आमच्या माहेरी पेढे वाटले होते. २०१७ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेत खेळताना तिच्या गुडघ्यातली हीच दोरी तुटली. जूनमध्ये इंग्लंडला वर्ल्ड कप होता. ती गेली, पहिल्याच सामन्यात यजमानांविरुद्ध ९० आणि दुसऱ्यात वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६ केल्या. मी टीव्हीसमोर उभी राहून टाळ्या वाजवल्या.

पण गोष्ट सांगायची तर पूर्ण सांगा. त्या पाच महिन्यांत तिने फेब्रुवारीची पात्रता स्पर्धा सोडली, मे महिन्यातली दक्षिण आफ्रिकेतली मालिका सोडली. बेंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत राहून तिने गुडघ्यावर काम केलं. म्हणजे सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तिची नोकरी एकच, गुडघा. फिजिओ हाताशी, व्यायामशाळा हाताशी, मोजमापाची यंत्रं हाताशी. माझी लेक कॉलेज करून, ई-रिक्षातून क्लिनिकला जाऊन, घरच्या जिन्यावर पायऱ्या मोजत होती. शिवाय सलामीला बॅट धरून उभं राहणं वेगळं आणि खांबाला वळसा घालून उलट्या दिशेने झेप घेणं वेगळं. आणि त्या वर्ल्ड कपचा पुढचा भागही सांगा ना. पहिल्या दोन डावांनंतरच्या सात डावांत मिळून स्मृतीच्या ३६ धावा झाल्या, लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात शून्य. तो दोष गुडघ्याचा होता असं मी म्हणत नाही, क्रिकेट असंच असतं. माझं म्हणणं एवढंच की परत येणं ही एका दिवसाची गोष्ट नसते. तिला पुढेही संघात ठेवलं, विश्वास टाकला, आणि २०१८ ची जगातली सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू ती ठरली. तुम्हाला स्मृतीचं उदाहरण हवं ना? मग पाच महिन्यांचं कशाला घेता, तिला मिळालेल्या अकादमीचं घ्या, सोडू दिलेल्या मालिकांचं घ्या, शून्यावर बाद झाल्यावरही राखलेल्या जागेचं घ्या.

विनेश फोगाटचंही तेच. १७ ऑगस्ट २०१६ ला रिओमध्ये कुस्ती चालू असताना तिचा गुडघा गेला, स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. दोन वर्षांनी, २०१८ साली, जकार्तात आशियाई स्पर्धेचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला कुस्तीपटू झाली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पुन्हा गुडघ्याची शस्त्रक्रिया, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये पॅरिसला ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत धडक. वजनाचं जे झालं त्याचं दुःख वेगळं. पण गुडघ्याने तिला कुठे अडवलं नाही, कारण गुडघ्याला वेळ मिळाला होता.

याची दुसरी बाजूही मी लपवत नाही. ऑपरेशन झालेल्या सात हजारांहून अधिक लोकांचे अभ्यास एकत्र करून ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर आर्डर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हिशोब मांडला: कुठल्या ना कुठल्या खेळाकडे ८१ टक्के परतले, पूर्वीच्या पातळीवर ६५ टक्के, आणि स्पर्धेच्या मैदानात फक्त ५५ टक्के. म्हणजे जवळपास निम्मे स्पर्धेत परतलेच नाहीत. कित्येकांचा गुडघा बरा झालेला असतो. भीती गेलेली नसते. "पुन्हा तुटला तर?" आता विचार करा, जिच्या मनात ही भीती आहे तिला घरातून, शेजारातून, मैदानावरून रोज काय ऐकवलं जातं. कुणी म्हणतं पुरे कर, कुणी म्हणतं उद्याच ये. "तुझा वेळ घे, आम्ही आहोत," असं म्हणणारं एकही तोंड नसतं. मग पोरगी सोडते. आणि आपण म्हणतो, तिच्यात जिद्द नव्हती!

आता कुणी म्हणेल, खेळून मिळणार काय? नोकरी? पदक? लग्नात उलट अडचणच. या प्रश्नाचं उत्तर मी पदकाने देणार नाही. माझ्या वयाच्या बायकांकडे बघा. देवळाच्या पायऱ्या कठड्याला धरून एकेक करून उतरणाऱ्या, जमिनीवर बसलं की उठायला हात मागणाऱ्या. आम्ही कधी खेळलो नाही, तरी गुडघे गेलेच. आता एसीएल तुटलेल्या तरुण गुडघ्यात झीज लवकर सुरू होण्याचा धोका तसाही जास्त असतो. अशा पोरीला मांडीत ताकद न भरता घरात बसवलंत तर चाळिशीत तिचं काय होईल? तिला अजून पन्नास-साठ वर्षं जिने चढायचे आहेत. खेळायचं नसेल तरीही ते नऊ महिने तिचे तिला द्यावे लागतील. लेकीबरोबर भिंतीला पाठ लावून मीही बसू लागले. आता पालथी मांडी घालून बसलेली मी हात न टेकता उठते, शेजारीण बघत राहते.

आणि माझी भांडणं घरापुरती नाहीत. आमचं उज्जैन काही खेळाला परकं नाही. बाळंभट दादा देवधरांनी पेशवाईच्या अखेरीस पुन्हा उभा केलेला मल्लखांब मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये राज्याचा खेळ म्हणून मानला, आणि मल्लखांबासाठी २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार इथल्याच योगेश मालवीय यांना मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला वर्ल्ड कप भारताच्या मुलींनी प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली जिंकला, तेव्हा आमच्या स्टेडियमवरही मुलींची गर्दी वाढली. छान झालं. पण त्या गर्दीतल्या किती जणींना उडी मारून उतरायचं कसं ते कुणी शिकवलं? फुटबॉलवाल्यांनी सरावाआधी करायचा वीस मिनिटांचा एक व्यायामक्रम आखला आहे: थोडं धावणं, मांडी-पोटाची ताकद, एका पायावर तोल, उडी आणि नीट उतरणं. तो आठवड्यातून दोन-तीनदा नियमाने केला तर दुखापती बऱ्याच कमी होतात, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. त्याला ना यंत्र लागतं, ना अनुदान. आपल्याकडे मैदानाला दोन फेऱ्या मारल्या की अंग गरम झालं म्हणतात!

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. सरावाआधीची ती वीस मिनिटं सक्तीची करा. जिल्ह्याच्या स्टेडियमवर आठवड्यातून दोन दिवस फिजिओ बसवा. ऑपरेशनचे पैसे देणाऱ्या विम्याला नंतरच्या व्यायामाचेही पैसे द्यायला लावा. दुखापत झालेल्या खेळाडूला वयाच्या अटीत एक वर्षाची सूट द्या, म्हणजे कुणाला सहाव्या महिन्यात पट्टा बांधून उभं राहावं लागणार नाही. आणि घरातल्या माणसांनो, तुमच्याकडे एकच मागणं: तिसऱ्या महिन्यात भेटायला या. नारळपाणी नको, तिच्याशेजारी बसून शंभर मोजा.

माझी लेक दहाव्या महिन्यात चाचणी पास झाली. ताकद ९३ टक्के, उडी ९५. त्यानंतर महिनाभर नुसता सराव, मग पहिला सामना, कॉलेजचाच, साधा. मी स्टेडियमच्या कडेला उभी होते. तिला खो मिळाला, ती उठली, खांबाकडे पळाली, आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती खांबापलीकडे होती. गडी बाद झाला नव्हता, समोरची पोरगी निसटली होती. राज्याच्या संघात तिची निवड अजून झालेली नाही, वयाची अटही निघून गेली. कधी कधी वळताना ती क्षणभर थांबते, ते मला दिसतं. पण ती खेळते.

मागच्या महिन्यात तीच शेजारीण संध्याकाळी आली. तिची धाकटी शाळेत कबड्डी खेळताना पडली होती. गुडघा सुजलेला, एक्स-रे स्वच्छ. "वहिनी, पंधरा दिवसांत बरं वाटेल म्हणालेत," असं म्हणत ती बसली, आणि मग हळूच म्हणाली, "पोरगी खूप रडते हो. खेळणार ना ती परत?"

मी चहा टाकला. तिला सांगितलं, आधी एमआरआय कर. काही तुटलं असेल तर मला सांग. मग कपाटातून वही काढून दिली, नऊ महिन्यांचे व्यायाम, खाणं आणि मांडीची मापं लिहिलेली, आणि तिच्यावर माझी टेप ठेवली. म्हटलं, ही परत कर, मला ब्लाउज शिवायचा असतो. पण घाई नाही. नऊ महिन्यांनी दिलीस तरी चालेल.